दाव्याची कलमे आणि लिबरऑफिस रायटर

दिवाणी दाव्याचा किंवा कैफियतीचा (म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा) मजकूर आवश्यक तेथे परिच्छेदांत विभागून त्यांना ओळीने क्रमांक द्यावेत, असे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ६, नियम २ सांगतो. व्यवहारात या परिच्छेदांना आपण कलमे म्हणतो. आणि ‘दाव्याचे कलम ७ मधील मजकूर खरा नसून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही’ हे वाक्य ज्याने शेकडो वेळा टंकले आहे, त्याला क्रमांक जागच्या जागी असण्याचे मोल सांगावे लागत नाही. वकिलांसाठी असे मसुदे तयार करताना मी लिबरऑफिस रायटर हे मजकूर टंकण्याचे सॉफ्टवेअर वापरतो. ते विनामूल्य आहे आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालते. हे परीक्षण मात्र त्याच्या एकाच अंगापुरते आहे: कलमांचे क्रमांक आणि त्यांच्या पुढचा आत घेतलेला मजकूर.

मध्यंतरी एका कार्यालयातून दुरुस्तीसाठी आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारलेला होता आणि पुढची ओळ अकरा वेळा स्पेसबार दाबून आत ढकललेली होती. फाँट बदलताच सगळी कलमे विस्कटली. असे मसुदे दुरुस्त करून हात दुखतात ते वेगळेच.

रायटरमध्ये ‘फॉरमॅट’ मेनूतील ‘बुलेट्स अँड नंबरिंग’ उघडले, की ‘पोझिशन’ या पानावर तीन मापे दिसतात. क्रमांक कोठे बसेल ते ‘अलाइन्ड ॲट’, क्रमांकानंतर पहिल्या ओळीचा मजकूर कोठे सुरू होईल ते ‘टॅब स्टॉप ॲट’, आणि दुसऱ्या ओळीपासूनचा मजकूर कोठे लागेल ते ‘इंडेंट ॲट’. शेवटची दोन मापे सारखी ठेवली, म्हणजे कलमाच्या सगळ्या ओळी एका रेषेत येतात. टूलबारवरील बटणाने यादी सुरू केल्यास पहिले माप सुमारे ०.६४ सें.मी. आणि उरलेली दोन १.२७ सें.मी. असतात. नऊ कलमांपर्यंत हे छान दिसते. मात्र १४ पॉइंटचा फाँट असेल तर तेवढ्या जागेत दोन अंकी क्रमांक कसाबसा मावतो, तीन अंकी मावत नाही, आणि न मावलेल्या क्रमांकानंतरचा मजकूर उडी मारून पुढच्या टॅबवर जाऊन बसतो. पहिली ओळ पुढे आणि बाकीच्या मागे, असे चित्र दिसले की दोष क्रमांकाच्या रुंदीचा आहे, हे ओळखावे.

यावरचा उपाय त्याच पानावर आहे, पण तो फारसा कोणी वापरत नाही. क्रमांकाचे संरेखन (अलाइनमेंट) ‘लेफ्ट’ऐवजी ‘राइट’ करावे, ‘अलाइन्ड ॲट’ १.२ आणि उरलेली दोन मापे १.६ सें.मी. ठेवावीत. मग क्रमांक उजव्या कडेला धरून बसतो, जास्तीचा अंक डावीकडे वाढतो, आणि ९ च्या खाली १० मधील शून्य नेमके येते. वहीत हिशेब मांडताना एककाखाली एकक लिहितात, तसेच हे दिसते. ‘नंबरिंग फॉलोड बाय’ मध्ये टॅबऐवजी स्पेस निवडली, तर ही शिस्त राहत नाही, कारण प्रत्येक कलमाची पहिली ओळ क्रमांकाच्या रुंदीनुसार वेगळ्या जागी सुरू होते. क्रमांक देवनागरी अंकांतही घेता येतात, त्यामुळे मराठी दाव्यात इंग्रजी अंक डोळ्यांना खुपत नाहीत.

हे सारे एकेका फाइलमध्ये पुन्हा करण्यापेक्षा एफ ११ दाबून यादीची शैली (म्हणजे नाव देऊन जपलेला मापांचा संच) एकदाच तयार करावी आणि ‘दावा कलम’ अशी एक परिच्छेद-शैली करून तिला ती जोडावी. पोटकलमासाठी मजकुराच्या सुरुवातीला टॅब दाबला की पातळी एक पायरी खाली जाते, शिफ्ट-टॅबने वर येते. अशा दहा पातळ्या आहेत. आमच्या कामात तीन पुरतात.

माझी खरी तक्रार पट्टीबद्दल (रूलरबद्दल) आहे. वरच्या पट्टीवरील त्रिकोण माउसने ओढला, की ते माप फक्त त्या परिच्छेदाला थेट चिकटते आणि यादीच्या मापाला झाकून टाकते. त्यानंतर शैलीत कितीही बदल केला तरी तेवढे एक कलम हलत नाही, आणि ते का हलत नाही हे सांगणारी एकही खूण पानावर आपोआप दिसत नाही. कंट्रोल-एम दाबून थेट दिलेले रूप काढून टाकले, की कलम ओळीत येते. क्रमांक शैलीतून आलेला असल्यामुळे तो जात नाही. नवख्या माणसाला हे आपले आपण सापडणे कठीण आहे.

क्रमांक आपोआप येत असल्याचा मोठा लाभ कलमांचा उल्लेख करताना होतो. ‘वर कलम ४ मध्ये नमूद केल्याप्रमाणे’ यातील ४ हाताने न टंकता ‘इन्सर्ट’मधील ‘क्रॉस-रेफरन्स’ वापरून घातला, तर मध्ये नवे कलम आल्यावर एफ ९ दाबताच तो ५ होतो. पक्षकाराने ऐन वेळी एक मुद्दा आठवून सांगितला, तरी आता धडकी भरत नाही. कैफियतीत मात्र उत्तर द्यायचे असते ते समोरच्या पक्षाच्या दाव्यातील कलमांना. तो दावा वेगळ्या फाइलमध्ये, बहुधा कागदावरच असतो. त्यामुळे ‘कलम ७ मधील मजकूर’ यातील सात आजही मी दाव्याची प्रत शेजारी ठेवून, बोटाने कलम धरून, हातानेच टंकतो.