मैदानाच्या कडेचं चीअर की मॅटवरचं?

अमेरिकेत नववीत जाणारी लेक घरी येऊन ‘चीअरच्या ट्रायआउटला जायचंय’, म्हणजे चीअरलीडिंगच्या निवड चाचणीला, म्हणाली, की आपल्या बऱ्याच आईबाबांच्या डोळ्यांसमोर आयपीएल उभं राहतं. ते चित्र आधी पुसा. हायस्कूलमध्ये चीअरचे प्रकार आहेत, आणि घरात वाद व्हायचाच असेल तर तो ‘कुठलं’ यावर होऊ दे.

साइडलाइन चीअर म्हणजे शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मैदानाकडेला उभं राहून प्रेक्षकांकडून घोषणा वदवून घेणं, आणि हिवाळ्यात तेच बास्केटबॉलला. घसा मोकळा हवा, टीम हरत असतानाही ओरडायची लाज वाटता कामा नये. हे सुरू झालं १८९८ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात, जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्यापासून. सुरुवातीला हे मुलग्यांचंच काम होतं, त्यामुळे मुलगा विचारत असेल तर त्यालाही अडवू नका.

स्पर्धेच्या, म्हणजे मॅटवरच्या चीअरमध्ये प्रेक्षक मागे पडतात, समोर परीक्षक असतात. साधारण अडीच मिनिटांत स्टंट, उड्या, कोलांट्या, नाच, सगळं बसवायचं. दहीहंडी पाहिलेल्यांना यातलं गणित लगेच कळेल: खाली दोन बेस, मागे बॅकस्पॉट, वर फ्लायर. फक्त शाळेच्या नियमांत दोनच थर चालतात, आणि बास्केट टॉस, म्हणजे फ्लायरला हवेत उडवून झेलणं, जिमच्या लाकडी फरशीवर करता येत नाही. प्रत्येक आईला आपली मुलगी फ्लायर हवी असते. पण सगळा भार बेसवर, आणि वरची निसटली तर मार बेसच्याही डोक्याला बसतो. मजबूत खांद्यांच्या मुलीला बेसची जागा मिळाली, तर तोंड पाडू नका.

मिशिगनमध्ये स्पर्धेचं चीअर हा राज्य पातळीवरचा स्वतंत्र खेळ आहे, तीन फेऱ्यांचा. इतर बऱ्याच शाळांत मात्र एकच टीम दोन्ही करते, तिथे निवडीचा प्रश्नच नाही.

नववीत व्हार्सिटी, म्हणजे शाळेची मुख्य टीम, मिळेलच असं नाही, ज्युनिअर व्हार्सिटी, म्हणजे दुसरी टीम, मिळेल. ही निराशा किती खोल जाते, याची साक्ष खुद्द सुप्रीम कोर्टात आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीने व्हार्सिटी हुकल्यावर स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या घातल्या, शाळेने तिला वर्षभर टीमबाहेर काढलं, आणि २०२१ मध्ये कोर्टाने ८ विरुद्ध १ असा निकाल तिच्या बाजूने दिला.

आणखी एक प्रकार म्हणजे ऑल-स्टार चीअर. ते शाळेत नसतं, खासगी जिममध्ये असतं. तिथे कुणाच्या मॅचला जायचं नाही, फक्त स्पर्धा. सराव जवळजवळ वर्षभर, फी-गणवेश-प्रवास सगळं आपल्या खिशातून. कोलांट्यांचं वेड असेल तरच तिकडे वळा.

माझं विचाराल तर पहिलं वर्ष साइडलाइनला. आणि लेक भरतनाट्यम शिकली असेल, उचलाउचलीची भीती वाटत असेल, तर शाळेच्या डान्स टीमची ट्रायआउट कधी आहे तेही विचारून ठेवा. तिथे पॉम, म्हणजे झुबकेदार गोंडे, हातात असतात आणि बहुतेक वेळ पाय जमिनीवर.