साडेसातशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरात पीयूसीची मुदत संपत आली असताना परभणीच्या पंपावरील यंत्राने माझ्या 2017 च्या बीएस-4 पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड 0.46 टक्के दाखवला, मर्यादा 0.3 आहे. इंजिनाचा पिवळा दिवा आठवडाभर जळतच होता. त्यासाठीच गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड ॲपवर दाखवणारा हा स्कॅनर घेतला. कोड आला पी0135, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन पाहणाऱ्या) हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. तेवढ्या आधारावर सर्व्हिस सेंटरने नव्या सेन्सरचे साडेसहा हजार सांगितले.

स्कॅनर सर्किट बिघडल्याचे सांगतो. हीटर जळाला, फ्यूज उडाला की वायर तुटली, हे सांगत नाही. म्हणून पहाटेच्या थंडीत, इंजिन पूर्ण गार असताना, मी कनेक्टर सोडवून सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींना मल्टीमीटर लावला. सहा ओहम! हीटरची तार तुटलेली असती, तर रोध मोजताच आला नसता. मग इग्निशन चालू करून गाडीकडची बाजू तपासली, तेव्हा बारा व्होल्टऐवजी शून्य आले. फ्यूज शाबूत होता. वायर चाचपत गेलो, तेव्हा बॅटरीच्या ट्रेखाली ती उंदराने कुरतडलेली आणि आतले तांबे हिरवे पडलेले आढळले. इलेक्ट्रिशियनने दीडशे रुपयांत ती जोडून दिली.

तोवर स्कॅनरला मी खेळणे समजत होतो. ते मत ॲपमधल्या सेन्सरच्या व्होल्टेजच्या आलेखाने बदलले. हा सेन्सर साधारण तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही. हीटर बंद असताना गार इंजिनावर त्याची रेषा कितीतरी मिनिटे 0.45 व्होल्टवर सपाट राहत होती. वायर जोडल्यावर अर्ध्या मिनिटात ती 0.1 ते 0.9 मध्ये झुलू लागली.

माझी खरी तक्रार ‘कोड पुसा’ या बटणाबद्दल आहे. ते दाबले की कोडबरोबर रेडीनेसचे सगळे मॉनिटरही, म्हणजे प्रदूषण रोखणारे भाग नीट चालतात का हे गाडी स्वतः तपासते त्या चाचण्याही, ‘अपूर्ण’ होतात आणि ॲप त्याची एका शब्दानेही सूचना देत नाही. आपली पीयूसी केवळ धूर मोजते, म्हणून निभावले. अमेरिकेत जिथे ओबीडी तपासणी होते, तिथे 2001 नंतरच्या पेट्रोल गाडीला सहसा एकच मॉनिटर अपूर्ण चालतो. सेन्सर-हीटरचा मॉनिटर दुसऱ्या सकाळी पूर्ण झाला, परंतु कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा मॉनिटर नांदेडपर्यंत एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यावरच पूर्ण झाला. पुन्हा केलेल्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 0.08 आला. त्यानंतर ॲप दोनदा अद्ययावत झाले, तरी ती सूचना अजून आलेली नाही, म्हणून पाचपैकी तीनच तारे देत आहे.