गाडीतला 12 व्होल्टचा थंड डबा : उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

फ्रीज समजून घेणार असाल तर घेऊ नका. आमचा 20 लिटरचा आहे, गाडीच्या लायटर सॉकेटवर चालतो. उन्हाळ्याच्या तोंडावर घेतला, तेव्हापासून चोर्ला घाटातून गोवा, पुणे, बंगळूर असं सगळीकडं मागच्या सीटपुढं पाय ठेवायच्या जागेत बसून हिंडतोय.

आत कंप्रेसर नाही. पेल्टियर प्लेट (वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम होते ती) आणि पंखा. बाहेरच्या हवेपेक्षा 15-20 अंश गार करतो, तेवढंच. पावसाळ्यात घाटातनं जाताना पाणी मस्त गार. पण एप्रिलात चित्रदुर्गाकडं गाडी तापली, की आत 20 च्या वरच. तिथं दुधाची पिशवी ठेवायचं नाव काढू नका.

मुळात गार असलेलं गार ठेवायला मात्र झकास. ताकाच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून रात्री गोठवायच्या, सकाळी तळाला लावायच्या. वर फ्रीजमधनं काढलेली दही बुत्ती, म्हणजे दहीभात. भातात दूध सढळ आणि दही विरजणापुरतंच, म्हणजे दुपारपर्यंत आंबत नाही. पहाटे बेळगाव सोडलं की हुबळी, हावेरी मागं टाकून राणेबेन्नूरच्या पुढं झाडाखाली जेवण. पोरं हॉटेलचं ताट ढकलून देतात, ही बुत्ती डबा पुसून खातात. सोबत शेंगाचटणी, धपाटे. पण ते बाहेरच्या डब्यात. आत ओल धरते, धपाटे मऊ पडतात.

अज्जीचं इन्सुलिन असेल तर जपून. न उघडलेल्याला 2 ते 8 अंश लागतात, ते ह्याच्या आवाक्याबाहेरचं. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन चालतं, पण गोठलेल्या बाटलीला चिकटवायचं नाही. एकदा गोठलं की टाकूनच द्यायचं. आणि मागचं बटण! गार-गरम एकाच बटणावर. प्रवाह उलटा केला की तीच प्लेट तापते, आतलं 55-60 अंशांपर्यंत जातं. पोरांचा हात लागतोच. आम्ही वर चिकटपट्टी मारली.

वीज साधारण 48 वॅट, म्हणजे 4 अँपिअर. इंजिन बंद असताना लावून ठेवला तर छोट्या गाडीची बॅटरी काही तासांत निम्मी. काही गाड्यांत किल्ली काढली तरी सॉकेट चालूच राहतं, तेव्हा जेवायला उतरताना प्लग ओढायचा. लॉजवर रात्री घरच्या विजेवर लावायचा असेल तर अडॅप्टर खोक्यात आहे का बघून घ्या. आमच्यात नव्हता, वेगळा घ्यावा लागला.

पंख्याची घुरघुर अज्जीला खटकते. "ह्यात बर्फ कुठं हाय गा?" हे ती अजून विचारते. कंप्रेसरवाला किमतीला कितीतरी पट. वर्षातनं दोन-चार मोठ्या प्रवासांसाठी आम्ही तरी घेणार नाही.