कॅननची ५० एमएम १.८ एसटीएम लेन्स: कमी बजेटमध्ये हीच घ्या

बजेट कमी असेल तर डोळे झाकून हीच घ्या. २०१५ ला आली तेव्हा आधीच्या मॉडेलचा प्लॅस्टिक माउंट (लेन्स कॅमेऱ्याला बसते तो भाग) जाऊन मेटलचा झाला आणि आतलं उजेडाचं भोक लहान-मोठं करणारे ब्लेड ५ चे ७ झाले, त्यामुळे लालबागला रात्री फोटो काढला की मागच्या लायटिंगचे गोळे एकदम मस्त येतात. वजन जेमतेम १६० ग्रॅम, लोकलच्या गर्दीत जाणवत पण नाही. १.४ वाली लेन्स कितीतरी महाग आणि फरक काय तर पाऊण स्टॉपचा, म्हणजे उजेड थोडा जास्त आत येतो एवढाच! त्यापेक्षा ड्राय बॉक्स (लेन्स कोरडी ठेवायचा बंद डबा) घ्या, मुंबईच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते मग भारीतली लेन्स पण वाया. फोर्टात सेकंडहँड घेताना मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर दुकानदाराने कितीही कमी केले तरी घेऊ नका.