‘आखाजीपर्यंत केस येतील’

चोपड्याला आमचे कृषी सेवा केंद्र आहे. बियाणे न्यायला येणाऱ्या शेतकऱ्याला मी गेली आठ वर्षे सांगत आलो आहे की पक्के बिल घ्या, त्यावर लॉट नंबर टाकला आहे ना हे पाहा आणि पीक हाती येईपर्यंत पाकीट फेकू नका. असे सांगणारा मी, स्वतःच्या डोक्यावर सव्वा लाख रुपये खर्च करून, कोऱ्या कागदावर शिक्का मारलेली कच्ची पावती खिशात घालून घरी आलो. केशरोपणाचा विचार करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी पुढचे सगळे वाचावे म्हणून लिहितो आहे.

त्या वेळी माझे वय २९ होते. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून केस मागे सरकले होते, घरात लग्नाची बोलणी चालू होती आणि एका स्थळाकडून ‘मुलगा चांगला आहे, पण वय जास्त वाटते’ असा निरोप आला होता. मी घाईने निर्णय घेतला असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. तीन महिने मी निरनिराळ्या पद्धतींची तुलना केली, वहीत रकाने आखून फायदे-तोटे लिहिले, आणि या अभ्यासाचा मला थोडा अभिमानही वाटू लागला. आता लक्षात येते की फसवणुकीला जागा त्या वहीतच होती.

पद्धतींमधला फरक खरा आहे, पण तो सांगितला जातो तेवढा मोठा नाही. एफयूटीमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूने त्वचेची एक पट्टी कापून घेतात, जखमेच्या कडा शिवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्टीचे बारीक तुकडे, म्हणजे ग्राफ्ट, वेगळे करतात. एका ग्राफ्टमध्ये एकपासून चारपर्यंत केस असतात. या पद्धतीत मागे आडवा व्रण कायमचा राहतो, आणि केस फार बारीक कापले तर तो दिसतो. एफयूईमध्ये सुमारे ०.७ ते १ मिलिमीटर व्यासाच्या पंचने, म्हणजे नळीसारख्या गोल पात्याने, एकेक ग्राफ्ट सुटा काढतात. टाके पडत नाहीत, परंतु प्रत्येक ठिकाणी ठिपक्याएवढा व्रण राहतोच. डीएचआय नावाने जी पद्धत महागात विकली जाते, तिच्यातही ग्राफ्ट एफयूईप्रमाणेच काढतात. फरक एवढाच की आधी चिरा पाडून मग चिमट्याने ग्राफ्ट बसवण्याऐवजी ‘चोई पेन’ नावाच्या पोकळ सुईतून तो एकाच हालचालीत बसवतात. सफायर हे तर चिरा पाडण्याच्या पात्याचे नाव आहे. शेतीच्या भाषेत सांगायचे तर काढणी तीच राहते, फक्त पेरणीची पाभर बदलते.

मला सांगितले गेले ते निराळेच. क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंनी डीएचआयमध्ये ‘कुठेच व्रण राहत नाही’ असे छातीठोकपणे सांगितले आणि साध्या एफयूईला ग्राफ्टमागे २० तर डीएचआयला ३० रुपये असा दर दिला. ४,२०० ग्राफ्ट लागतील, म्हणजे १,२६,००० रुपये झाले. मी वही उघडून प्रश्न विचारत होतो आणि त्या प्रत्येक प्रश्नाचे कौतुक करत होत्या. शेवटी म्हणाल्या, “दादा, मार्चमध्ये करून घ्या, आखाजीपर्यंत केस येतील.” आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अख्खे गणगोत जमते, त्यामुळे हे वाक्य नेमके वर्मी लागले.

प्रत्यक्षात लावलेले केस पहिल्या दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून पडतात, मुळे आत राहतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस डोकावू लागतात आणि खरा परिणाम दिसायला वर्ष जाते. हे साधे वेळापत्रक मला कोणी सांगितले नाही, आणि पद्धतींच्या नादात मीही विचारले नाही. आखाजीच्या दिवशी, चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून मी ओसरीवर बसलो होतो आणि तेव्हा माझ्या डोक्यावर फेब्रुवारीपेक्षा कमी केस होते, कारण शस्त्रक्रियेच्या धक्क्याने आजूबाजूचे मूळचे केसही गळले होते. फुईने, म्हणजे आत्याने, रुमाल बाजूला करून पाहिले आणि म्हणाली, “पैसा बी दिधा आनि केस बी दिधात का रे?”

आता शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल. डॉक्टर सकाळी आले, जांभळ्या पेनने माझ्या कपाळावर रेघ आखली, फोटो काढला आणि दहा मिनिटांत गेले ते पुन्हा दिसले नाहीत. भुलीची इंजेक्शने देण्यापासून पुढचे सगळे दोन तरुणांनी केले. मी पालथा होतो, तोंड उशीच्या खळग्यात, आणि कानामागे पंचच्या मोटरची घरघर चालू होती. सुरुवातीला एक जण मोठ्याने मोजत होता. अकराशेच्या आसपास त्याला फोन आला, मग चहा आला, आणि त्यानंतर मोजणी ऐकू आली नाही. बऱ्याच वेळाने दुसऱ्याने विचारले, “किती झाले?” पहिला म्हणाला, “लिही की बेचाळीसशे.” हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले आणि तरीही उठून बसलो नाही.

दुपारी डबा घेऊन आलेल्या चुलतभावाने दाराच्या काचेतून गंमत म्हणून एक फोटो काढला होता. त्यात ट्रेवर साधे चिमटे दिसतात, पेन एकही दिसत नाही. म्हणजे ग्राफ्टमागे दहा रुपये जास्त घेतलेली डीएचआय झालीच नव्हती.

जुलैत मी नेहमीच्या न्हाव्याकडे गेलो. मागून दोन नंबरचे मशीन फिरवता फिरवता तो थांबला, काही न बोलता दुसरा आरसा माझ्या डोक्यामागे धरला आणि माझ्याकडे पाहत राहिला. कसर लागलेल्या लुगड्यासारखे मागचे डोके दिसत होते. कुठे दाट, कुठे पांढरे ठिपके, आणि उजव्या कानामागे रुपयाएवढी जागा जवळजवळ मोकळी.

वर्ष उलटल्यावर मी नाशिकला एका त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी रोपण केलेल्या भागावर पारदर्शक कागद ठेवून सीमा आखली, तेव्हा क्षेत्र ५० चौरस सेंटिमीटरच्या जवळपास भरले. एका बैठकीत एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ४० ग्राफ्ट बसवतात, म्हणजे तिथे दोन हजार पुरेसे होते. ४,२०० बसवले असते तर दाटी ८४ झाली असती, जी जवळपास उपजत केसांची असते. माझ्याकडे त्याच्या अर्धीही दिसत नव्हती. जास्तीचे ग्राफ्ट काढलेच नव्हते की काढताना मुळे कापली जाऊन वाया गेले, हे आता सांगता येत नाही, असे ते म्हणाले. मात्र मागच्या डोक्याची अवस्था पाहता बरेच वाया गेले असावेत. जिथून ग्राफ्ट काढला जातो तिथे केस पुन्हा उगवत नाही आणि मागचा हा साठा जन्मभर पुरवायचा असतो. वडिलांना आणि मामांना टक्कल किती, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. क्लिनिकमध्ये तो कोणी विचारला नव्हता. गळती चालू असलेल्या वयात आधी औषधांनी ती आटोक्यात आणायची असते, नाहीतर लावलेल्या केसांमागचे मूळचे केस जात राहतात आणि पुढचा पट्टा बेटासारखा उरतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची आहे आणि एखादी कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे पुरेसे नाही. तेव्हा पद्धतीचे नाव विचारण्याआधी पंच कोणाच्या हातात असेल ते विचारा आणि त्यांचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. एक, दोन, तीन केसांचे ग्राफ्ट किती निघाले याचा वेगवेगळा हिशोब मागा. केशरोपणावर जीएसटी लागतो, त्यामुळे पक्के बिल न देणारा काय लपवतो आहे तेही कळेल. ‘चार हजार केस’ आणि ‘चार हजार ग्राफ्ट’ यांत दुपटीहून जास्त फरक पडू शकतो, म्हणून यांतले नेमके काय ते कागदावर शब्दांत लिहून घ्या.

वकिलांनी सांगितले की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार क्लिनिक कुठेही असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. नोटीस गेली आहे. सोबत कच्ची पावती, चुलतभावाचा फोटो आणि नाशिकच्या डॉक्टरांचा अहवाल जोडला आहे. उत्तरादाखल त्याच बाईंचा फोन आला होता, की दुसरी बैठक फुकट करून देऊ, आणि या वेळी सफायरने.