क्राउन रॉयल ब्लेंडर्स मॅश : बर्बनच्या घडणीची कॅनेडियन व्हिस्की

ही व्हिस्की 2018 साली अमेरिकेच्या बाजारात ‘क्राउन रॉयल बर्बन मॅश’ या नावाने उतरली आणि थोड्याच काळात तिला ‘ब्लेंडर्स मॅश’ असे नवे नाव घ्यावे लागले. मॅश म्हणजे आंबवण्यासाठी शिजवलेले धान्य. अमेरिकेच्या नियमांनुसार ‘बर्बन’ हा शब्द अमेरिकेत तयार झालेल्या व्हिस्कीलाच लावता येतो. लेबलला आधी दिलेली मंजुरी तिथल्या सरकारी खात्याने नंतर मागे घेतली. नाव बदलले तरी आतला माल तोच राहिला, आणि बर्बनशी असलेले नाते या मालात नेमके किती उतरले आहे, हेच चाखून पाहण्यासारखे आहे.

बर्बनसाठी धान्यात निदान 51 टक्के मका लागतो, आतून जाळलेले ओकचे पिंप कोरे असावे लागते आणि पाण्याखेरीज वरून काहीही मिसळता येत नाही. कॅनडाचा कायदा त्या मानाने सैल आहे. लाकडी पिंपात निदान तीन वर्षे मुरवणे बंधनकारक असले, तरी पिंप जुने चालते आणि रंगासाठी कॅरॅमलही चालते. तिकडचा रिवाज असा, की मका आणि गव्हासारखे राय ही धान्ये बहुधा वेगवेगळी आंबवून गाळायची, वेगवेगळी मुरवायची आणि शेवटी त्यांचे मिश्रण जुळवायचे. या बाटलीत मात्र मका, राय आणि मोड आणून वाळवलेला सातू ही धान्ये सुरुवातीलाच एकत्र शिजवून आंबवली जातात, आणि ही पद्धत बर्बनची आहे. विनिपेग सरोवराच्या काठी, मॅनिटोबातल्या गिमली गावच्या कारखान्यात क्राउन रॉयलचे मद्य गाळले जाते.

जळगावच्या वाइन शॉपांत मला ती दिसलेली नाही. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू शुल्काविना आणता येते. माझी बाटली टोरांटोहून आलेल्या भाच्याने त्याच हिशेबात आणली. तुलनेसाठी शेजारी जिम बीम ठेवली, कारण बर्बन म्हणून आपल्याकडे ती सहज सापडते.

रंग मधासारखा, थोडा तांबूस. ग्लास नाकाशी नेताच आधी व्हॅनिला आणि गुळाच्या पाकाचा वास येतो, आणि त्यामागून पिकलेले केळे. केळीच्या पट्ट्यातल्या, रावेर-यावलकडच्या माणसाला या वासाबद्दल फसवता येणार नाही, म्हणून नेमकेपणाने सांगतो. केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरमधून नुकत्याच निघालेल्या पिवळ्याधमक घडाचा वास हा नव्हे. सालीवर काळे ठिपके धरलेल्या आणि देठाशी मऊ पडलेल्या केळ्याचा आहे. पिकत्या केळ्यात आयसोअमाइल ॲसिटेट नावाचे जे द्रव्य तयार होते, तेच धान्य आंबवताना यीस्टही तयार करते, त्यामुळे हा वास कल्पनेचा खेळ नाही. ग्लास दहा मिनिटे तसाच ठेवला की केळे मागे सरते आणि लवंगेचा बारीक तिखटपणा पुढे येतो, तो रायचा.

जिभेवर पहिला स्पर्श गोड आणि तेलकट. मक्याचा गोडवा ठसठशीत आहे, त्यानंतर राय मिरी आणि दालचिनीच्या वळणाने चढते, आणि इथपर्यंत ही व्हिस्की बर्बनच्या पंक्तीला सहज बसते. फरक पडतो तो घोट उतरल्यावर. जिम बीममध्ये जळक्या लाकडाचा तुरटपणा घशाशी रेंगाळतो, भाजलेल्या शेंगदाण्याची चव मागे राहते. इथे तो तुरटपणा जवळजवळ नाही, शेवट लवकर आणि मऊ होतो. ज्यांना बर्बनचा हा लाकडी दणका सोसत नाही त्यांना हे गुण वाटेल; मला मात्र घोट अर्धवट सोडल्यासारखा वाटला. चाखायला बसलेल्या चोपड्याच्या मित्राचा निकाल एका वाक्यात आला, “हाई ते गोड शे भो!”, आणि त्यात तक्रार होती की कौतुक, हे त्याने दुसरा पेग मागेपर्यंत कळले नाही.

मद्यार्क 40 टक्के आहे, म्हणजे आपल्याकडच्या देशी बनावटीच्या बाटल्यांवरच्या 42.8 टक्क्यांहून थोडा कमी. त्यामुळे पाणी बेतानेच घालावे. 30 मिलीत चमचाभर पाण्याने लवंग आणि व्हॅनिला खुलतात. त्यापुढे गेलात की केवळ गोड पाणी उरते. सोड्यात ती पार हरवते, आणि कोल्ड्रिंकमध्ये ओतायची असेल तर इतक्या लांबून आणण्याचे प्रयोजन नाही. ऋतूही पाहावा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास असताना ग्लासातून आधी स्पिरिटच नाकात घुसते; अशा वेळी बर्फाचा एकच मोठा खडा टाकणे क्षम्य आहे. थंडीत, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, ती नीट, म्हणजे पाणी-बर्फाशिवाय, घेणे अधिक चांगले.

चखण्याबाबत आमच्या भागाची एक अडचण आहे. हिरव्या मिरचीचे झणझणीत भरीत किंवा शेवभाजीचा तर्रीदार रस्सा समोर आला की रायची मिरी बोथट होते आणि जिभेवर गोडवा तेवढा शिल्लक राहतो. निखाऱ्यावर भाजलेले मक्याचे कणीस मात्र, मीठ-लिंबू लावून, तिखटाशिवाय, उत्तम जमते. व्हिस्कीत जे जळके लाकूड कमी पडते ते कणसाच्या करपल्या दाण्यांतून थोडे भरून निघते. शेवभाजी जेवणावर ठेवावी.

बर्बनशी पहिली ओळख करून घ्यायची असेल, तर ही बाटली घेण्याऐवजी सरळ जिम बीम घ्यावी. राय आवडत असेल, पण लाकडाचा तुरटपणा नको असेल, तर परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला हिचे नाव लिहून द्यायला हरकत नाही.