छोटी बॅच, एकट्याने जिम, पर्सनल ट्रेनर की तालीम? चौफेर तंदुरुस्तीसाठी निवड करताना

जिमची चौकशी करायला गेलं की काउंटरवर आधी यंत्रं दाखवतात, मग दर सांगतात. विचारण्यासारखा पहिला प्रश्न मात्र तिसराच आहे: एका ट्रेनरमागे माणसं किती?

इथे गृहीत धरलेला वाचक असा: वय पंचविशी ते पन्नाशी, दिवसभर बैठं काम, कुठल्याही स्पर्धेत उतरायचं नाही. ताकद, दम, तोल, लवचिकता आणि थोडी चपळाई हे सगळं बेताबेताने हवं आहे. छोटी बॅच म्हणजे एक ट्रेनर, चार ते आठ माणसं, ठरलेले वार आणि ठरलेली वेळ. तिचा दर साध्या जिमपेक्षा जास्त आणि पर्सनल ट्रेनरपेक्षा कमी असतो. या मधल्या दरात काय मिळतं आणि काय सुटतं, ते बघू.

चाळीस सेकंदांचा हिशेब

ताकदीच्या व्यायामात एकदा केलेली हालचाल म्हणजे एक रिप, आणि न थांबता केलेल्या रिप्सचा गट म्हणजे सेट. आठ-दहा रिप्सचा एक सेट साधारण ४० सेकंदांत संपतो. वजन बऱ्यापैकी जड असेल तर त्यानंतर दोन मिनिटं विश्रांती लागते. म्हणजे १६० सेकंदांच्या फेरीत माणूस पाव वेळ काम करतो आणि पाऊण वेळ श्वास घेत उभा असतो. पर्सनल ट्रेनरला आपण या पाऊण वेळेचेही पैसे देतो.

चार जणांनी एकामागून एक सेट घेतले तर ट्रेनरला प्रत्येकाचा प्रत्येक सेट पूर्ण बघता येतो. सहा जण झाले की काही सेट एकाच वेळी पडतात, पण ट्रेनरने जुन्याशेजारी नवा उभा केला तर निभतं. आठ जणांत प्रत्येक क्षणी दोघांवर नजर ठेवावी लागते, ही शेवटची मर्यादा. बारा जणांचा ट्रेनर फार तर वेळ मोजतो आणि ओरडून उत्साह वाढवतो. पाठ गोल होतेय की गुडघा आत पडतोय, हे त्याला दिसणं शक्य नाही.

हा हिशेब सेट पुढेमागे घेतले तरच लागू पडतो. एका शिट्टीवर सगळे सुरू आणि एका शिट्टीवर सगळे बंद अशी पद्धत असेल, तर सहाची बॅचही बाराच्या बॅचइतकीच आंधळी. तसंच ट्रेनर स्वतः बॅचबरोबर व्यायाम करत असेल तर सरळ निघावं. पुश-अप मारताना दुसऱ्याची कंबर दिसत नाही.

जोड्या लावतानाही डोकं लागतं. उंची आणि ताकद जुळणारे दोघं एका बारबेलवर असले तर काम सरकतं. एकाला २० किलोचा रिकामा रॉड आणि दुसऱ्याला ७० किलो लागत असेल, तर निम्मा वेळ प्लेट काढण्या-घालण्यात जातो. मग कंटाळून हलका माणूस झेपत नसलेलं वजन उचलतो किंवा जड माणूस हलकंच उचलत बसतो.

‘रोज नवीन व्यायाम’ ही जाहिरात, तिचा खरा अर्थ

छोट्या बॅचची सगळ्यात मोठी जाहिरात विविधतेची असते, आणि बॅच फसते तीही तिथेच. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा मेळ बसल्यामुळे. स्नायू जाड व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. हा मेळ बसायला तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते. स्क्वॉट (बैठकेसारखं बसून उठणं) तीन आठवड्यांतून एकदा आला तर दर वेळी शिकणं पहिल्यापासून. घाम भरपूर येतो, अंगही दुखतं, पण वजन जिथल्या तिथे.

चांगल्या बॅचमध्ये मूळ हालचाली चार ते सहा आठवडे त्याच राहतात: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, एका पायावरचं काम आणि वजन घेऊन चालणं. बदलतं ते बाकीचं: साधनं, सर्किट (ठिकाणं बदलत एकामागून एक केलेले व्यायाम), चपळाईचे खेळ. तीन दिवसांचा एक आठवडा असा दिसू शकतो. सोमवारी गॉब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून) आठच्या तीन सेटमध्ये, डंबेल रोइंग (वाकून डंबेल स्वतःकडे ओढणं) दहाच्या तीन सेटमध्ये आणि शेवटी १२ मिनिटांचं सर्किट. बुधवारी डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन कमरेतून वाकून उचलणं) पाचच्या चार सेटमध्ये, पुश-अप, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन २० मीटर चालण्याच्या चार फेऱ्या. शुक्रवारी स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून), खांद्यावरून वर प्रेस, बारला लटकणं, मग शटल रन (दोन खुणांमध्ये पळत ये-जा) आणि मेडिसिन बॉलची, म्हणजे जड चेंडूची फेक. प्रत्येक दिवशी आधी दहा मिनिटं वॉर्मअप. मांडीचे सांधे, घोटे आणि खांदे मोकळे करण्याचं काम त्यातच उरकतं.

वजन कधी वाढवायचं याचा एक साधा नियम आहे. ठरलेल्या रिप्सपेक्षा शेवटच्या सेटमध्ये दोन जास्त, आणि तेही त्या व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी निघाल्या, की वजन वाढवावं. अडचण साधनांची येते. केटलबेल (वर कडी असलेली गोल वजनं) बऱ्याच ठिकाणी ८, १२, १६ किलो अशा टप्प्यांत असतात. आठवरून बारावर जाणं म्हणजे एकदम निम्म्याने वाढ, आणि हलक्या अंगाच्या माणसाला ती खांद्यावर झेपत नाही. तेव्हा आधी रिप्स आठवरून बारापर्यंत न्याव्यात, खाली जाताना तीन सेकंद लावावेत, मगच पुढची केटलबेल घ्यावी. अडीच किलोच्या टप्प्यांतली डंबेल्स असतील तर प्रश्नच मिटला. बॅच बघायला जाल तेव्हा रॅकवरचे हे टप्पे नक्की बघा.

सर्किटची पद्धत १९५३ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अ‍ॅडमसन यांनी मांडली. दम आणि स्नायूंचा टिकाऊपणा दोन्ही थोड्या वेळात साधावेत ही तिची कल्पना आजही छोट्या बॅचचा कणा आहे. सहा ठिकाणं, प्रत्येकी ३० सेकंद काम आणि ३० सेकंद विश्रांती, दोन फेऱ्या: झाली १२ मिनिटं. यात दमल्यावरही न बिघडणाऱ्याच हालचाली ठेवाव्यात: रोइंग मशीन, बॅटल रोप (जाड दोर हलवणं), स्टेप-अप, प्लँक, वजन घेऊन चालणं. घड्याळ लावून डेडलिफ्ट करवून घेणं ही सरळ चूक. पाय दमले की कंबर आधी वर येते, छाती मागे राहते आणि सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर पडतो. दमल्यावर उंच बॉक्सवर उड्या मारायला लावल्या की नडगी सोलवटलीच म्हणून समजा.

छोट्या बॅचमध्ये काय कमी पडतं

दम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचं काम. आठवड्याला तीन तासांच्या बॅचमध्ये ताकदीचा भाग पुरा होतो. पण नाडी खरोखर वाढलेली मिनिटं दिवसाला पंधराच्या आसपास, आठवड्याला ४५. जोरकस मिनिटाला दुप्पट धरलं तरी ९० झाली. उरलेली साठ बाहेरच भरावी लागतात: अर्ध्या तासाचं भरभर चालणं दोनदा, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. हे न सांगता ‘आमच्या बॅचमध्ये सगळं होतं’ म्हणणारा ट्रेनर चुकीचा हिशेब देतोय.

शेजारी-शेजारी

| | छोटी बॅच (४–८) | एकट्याने जिम | पर्सनल ट्रेनर | मोठी बॅच (२० च्या वर) | तालीम, व्यायामशाळा |
|---|---|---|---|---|---|
| तंत्रावर नजर | चांगली, सेट पुढेमागे असतील तर | जवळपास नाही | पूर्ण | नाही | उस्तादावर अवलंबून |
| ताकद वाढण्याची सोय | चांगली, नोंद ठेवली तर | भरपूर, पण स्वतःला ठरवावं लागतं | उत्तम | कमी | रिप्स वाढतात, वजन क्वचित |
| दम | मध्यम | ट्रेडमिलवर हवा तितका | बहुतेकदा दुर्लक्षित | चांगला | चांगला |
| तोल, चपळाई | चांगली | फार कमी | मागितली तर | थोडी | मल्लखांब, कुस्तीत उत्तम |
| वेळेची मोकळीक | कमी | सगळ्यात जास्त | ठरवून | मध्यम | कमी |
| खर्च | मध्यम | कमी | सगळ्यात जास्त | कमी | बहुधा सगळ्यात कमी |

एकट्याने जिम

ज्याला तंत्र आधीपासून येतं आणि जो वही ठेवतो, त्याला हाच पर्याय पुरतो. छोट्या बॅचला जास्त पैसे देण्याचं कारण नाही. नवख्याचं मात्र ठरलेलं चित्र दिसतं: आरशात दिसणारे स्नायू रोज, पाय आठवड्यातून एकदा (तेही लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या यंत्रावर), ओढण्याचं काम ढकलण्याच्या निम्मं आणि ट्रेडमिलच्या दांड्याला धरून चालणं. दांडा धरला की पायांवरचा भार हलका होतो आणि यंत्रावर दिसणारा कॅलरीचा आकडा फुगीर ठरतो. काही महिन्यांत खांदे पुढे झुकतात, मग खांदा दुखतो, मग जाणं बंद.

पर्सनल ट्रेनर

शस्त्रक्रियेनंतरचा गुडघा, पायात मुंग्या येणारी कंबर, गरोदरपण, इन्सुलिनवरचा मधुमेह या परिस्थितीत बॅच नको. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, मग एकास एक ट्रेनर. धडधाकट माणसाने एक मधला मार्ग वापरावा: पहिले सहा-आठ तास पर्सनल घेऊन स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि प्रेस नीट शिकावेत, मग छोट्या बॅचला जावं. आमच्या मते पैशांचा हा सगळ्यात चांगला उपयोग आहे, आणि विकणारे तो क्वचितच सुचवतात.

मोठ्या बॅचबद्दल फार बोलण्यासारखं नाही. झुंबा किंवा बूटकॅम्प आवडत असेल तर दमासाठी जरूर जावं. तिथे ताकद वाढेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

तालीम आणि व्यायामशाळा

हा पर्याय लोक यादीत धरतच नाहीत, आणि महाराष्ट्रात राहून तो न बघणं खुळेपणाचं आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून आणि दादरच्या शिवाजी पार्कजवळचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून लोकांना व्यायाम शिकवत आलं आहे. वस्ताद आणि हाताखालचे मोजके पठ्ठे ही रचना म्हणजे छोटी बॅचच.

जोर मारताना छाती, खांदे, पोट आणि पाठीची लवचिकता एकाच हालचालीत येते. बेंच प्रेसला हे जमत नाही. मुद्गल (जड लाकडी गदेसारखं साधन) फिरवण्याने खांद्याचा सांधा सगळ्या दिशांनी मोकळा होतो आणि पकड घट्ट होते. मल्लखांबाला तोल, पकड आणि पोटाच्या ताकदीत तोड नाही, लहान मुलांसाठी तर याहून चांगलं काही नाही. उणीव दोन ठिकाणी आहे. पहिली, कमरेतून वाकून वजन उचलण्याचं आणि स्वतःकडे वजन ओढण्याचं काम कमी पडतं. दुसरी, प्रगती आकड्यांवर चालते: पन्नास बैठका, मग शंभर, मग दोनशे. त्याने टिकाऊपणा वाढतो, पण ताकदीसाठी जड वजन आणि कमी रिप्सही हव्यात. चाळिशीत नव्याने सुरुवात करणाऱ्याने झटक्याच्या खोल बैठका लगेच शंभरावर नेल्या तर गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागतं. दहाच्या तीन सेटपासून सुरू करून दर आठवड्याला पाच-सहा वाढवणं पुरे.

पैसे भरण्याआधी

दराची तुलना महिन्यावर नको, प्रत्यक्ष गेलेल्या तासावर करा. समजा जिमचे वर्षाला १२,००० रुपये आणि बॅचचे महिन्याला ४,०००. कागदावर फरक चौपट. पण एकट्याने जिमला आठवड्यातून एकदाच, वर्षाला पन्नास वेळा जाणं झालं, तर एक तास २४० रुपयांना पडतो. बॅचच्या महिन्यातल्या बारापैकी दहा तासांना गेलात तर ४००. ठरलेली वेळ आणि ‘काल का नाही आलास?’ विचारणारी माणसं यामुळे बॅचला हजेरी टिकते, हे खरं. मात्र तुमची शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर हेच गणित उलटं फिरतं.

चाचणीच्या तासाला ट्रेनरला दोन प्रश्न विचारा. एक: मागच्या महिन्यात मी किती उचललं, हे कुठे लिहिलेलं सापडेल? वही, फळा, अ‍ॅप, काहीही चालेल. ‘माझ्या लक्षात असतं’ हे उत्तर चालणार नाही. दोन: स्क्वॉटला गुडघा दुखला तर काय देणार? ‘बॉक्सवर बसून उठा, उंची वाढवू, तरी दुखलं तर ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं)’ असं पायरीपायरीचं उत्तर हवं. ‘हळूहळू सवय होईल’ म्हणाला तर दुसरी जागा शोधा.

पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या पाच नोंदी करा: हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता, न थांबता किती पुश-अप, बारला किती सेकंद लटकता, एका पायावर किती सेकंद उभे राहता आणि १२ मिनिटांत किती अंतर चालता-पळता. आठ आठवड्यांनी याच चाचण्या त्याच वेळी आणि त्याच बुटांत घ्या. पाचपैकी तीन आकडेही हलले नसतील, तर बॅच कितीही मजेदार असो, कार्यक्रम चुकतोय. फक्त १२ मिनिटांचं अंतर अडलं असेल तर दोष बॅचचा नाही. बाहेरचं चालणं राहिलंय.

वर्षभराचे पैसे एकदम भरू नका, आधी एक महिना घ्या. आणि सकाळी सहाची बॅच बघून संध्याकाळी सातचे पैसे भरू नका. ट्रेनरही वेगळा असतो आणि गर्दीही.